बाळपणाच्या वाटेवरचं तिसरं घर

शहराच्या त्या भागातली म्युझियमं अशी, की दारावरून दहा वेळा गेलं तरी पत्ता लागू नये. कुणाच्या दोन खोल्या, कुणाचं तळघर. एका हौशी संस्थेने ती एकमेकांना जोडून पायी फिरायच्या वाटा आखल्या. कुलपांची वाट, छापखान्यांची वाट, बाळपणाची वाट. बाळपणाच्या वाटेवर आधी सुईणीची हत्यारं, मग जुन्या शाळेतल्या छड्या, आणि तिसरं खेळण्यांचं घर.

"मावशी, तुमच्याकडे येईपर्यंत लोकांचे चेहरे पडलेले असतात," गाईड पोरीने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. "तुम्ही जरा हसवा त्यांना. वडिलांची एखादी गोड आठवण सांगा."

गोड आठवण! मावशींना तेव्हा हसावं की रडावं कळेना. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, जन्मभर खेळणी जमवली आणि काचेआड ठेवली. घरात दोन लेकरं, पण बाहुलीच्या केसाला कुणी हात लावेल तर शपथ. मरताना घर विश्वस्तांच्या हवाली करून गेले. म्युझियम चालू आहे तोवर मुलीने मागच्या खोलीत राहावं, एवढी मेहेरबानी ठेवली. म्युझियम बंद पडलं की मावशी रस्त्यावर. मेल्यावरही म्हाताऱ्याने पोटच्या पोरीला राखणीला बसवलं ते असं.

लोक तर केव्हाच फिरकेनासे झाले होते. या वाटेमुळे ते पुन्हा येऊ लागले. मग मावशींनी एक आठवण बेतली. कपाट उघडून त्या पत्र्याची आगगाडी हातात घेत आणि सांगत, "दर रविवारी अण्णा ही गाडी खाली काढायचे. मी आणि धाकटा जमिनीवर पालथे पडून बघायचो, आणि अण्णा शिटी वाजवायचे, तोंडाने!" इथे त्या स्वतः शिटी वाजवत. लोक विरघळत. पहिल्यांदा जीभ अडखळली, पण सवयीने काय होत नाही? पुढे पुढे तर ती शिटी त्यांना खरीच आठवायला लागली आणि बरं वाटायला लागलं. खोटं का होईना, कुणीतरी आपले लाड केले होते.

त्या रविवारी शिटी वाजवून झाली आणि मागे उभ्या असलेल्या एका टोपीवाल्याने चष्मा पुसायला हात वर केला. उजव्या हाताची दोन बोटं मधूनच वाकडी होती.

ती बोटं मावशींनी झोपेतही ओळखली असती. त्यांच्या धाकट्या भावाने लहानपणी हीच गाडी चोरून खेळायला घेतली होती, आणि अण्णांनी या कपाटाचं दार त्याच्या हातावर आपटून लावलं होतं. चुकून नव्हे. मिसरूड फुटायच्या आत तो घर सोडून गेला, तो अण्णांच्या मयतीलाही आला नाही. ना पत्ता, ना फोन. एक ना एक दिवस तो दारात उभा राहील, आपण त्याच्या गळ्यात पडू आणि दोघं मिळून म्हाताऱ्याला पोटभर शिव्या घालू, या एका आशेवर मावशींनी त्या घरात इतकी वर्षं काढली होती. आणि आला तो असा, चारचौघांत, तिकीट काढून.

"बाई, एक विचारू?" तो म्हणाला.

बाई! ज्याचा शेंबूड पुसला तो बाई म्हणत होता.

"त्या धाकट्याचं पुढे काय झालं?"

सगळे वळून पाहू लागले. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ त्या दिवशी मुद्दाम आले होते. हे म्युझियम पुढे चालवायचं की नाही, ते त्यांनी बघून ठरवायचं होतं. ते दाराशी हाताची घडी घालून उभे होते. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती मावशींच्या जिभेवर आलीही.

"तो परदेशात असतो," त्या म्हणाल्या. "सुखात आहे. अजून आठवण काढतो रविवारची."

"असं होय." तो पुढे आला. "आणि आज तो इथे आला, आणि म्हणाला, एकदा ती गाडी माझ्या हातात द्या, तर?"

त्याने खरोखरच हात पुढे केला होता. वाकड्या बोटांचा तोच हात. मावशींनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा दाराकडे. आणि त्यांच्या तोंडून अण्णांचेच शब्द निघाले, अण्णांच्याच सुरात.

"बघायचं ते डोळ्यांनी. हाताने नाही."

खोलीत हशा पिकला. विश्वस्तही हसले. धाकटा हसला नाही, रागावलाही नाही. जे बघायला आलो ते बघून झालं, अशा चेहऱ्याने त्याने हात खिशात घातला आणि सगळ्यांबरोबर जिना उतरला. मावशी खिडकीशी धावल्या. हाक मारायला तोंड उघडलं, पण विश्वस्त अजून खोलीतच होते. त्यांनी वळून गाडी कपाटात ठेवली.

विश्वस्त गेल्यावर गाईड पोरगी बाटली विसरली म्हणून परत वर आली. चेहरा नुसता फुललेला.

"मावशी, काय बाजी मारलीत आज! साहेब खूश आहेत. आपण हा शेवट कायमचाच ठेवू या. उद्यापासून तो प्रश्न मीच विचारत जाईन."

पुढच्या खेपेला पोरीने प्रश्न विचारला आणि हात पुढे केला. मावशींनी गाडी छातीशी धरली आणि एक शब्दही न चुकता उत्तर दिलं. हशा आधीपेक्षा मोठा झाला.