भूशक्ती आणि आप्पांची काठी

चपलांच्या दुकानात सकाळी अशी गर्दी लोटली होती, की समोरचा बेकरीवाला भट्टीतले पाव देवाच्या भरवशावर सोडून इकडे आला. काउंटरवर लाल फितीत बांधलेली नवी वस्तू होती. बुटात घालायचे दोन सुकतळे. रंग निळा, वास रबराचा, नाव 'भूशक्ती'.

"हा साधा सुकतळा नाही, मंडळी!" दुकानदाराचा मेहुणा माइकवर गरजला. दुकान एवढंसं, माइकची गरज नव्हती. पण भाड्याने आणला होता. "हा धरतीची शक्ती शोषतो, गुडघ्यातून कमरेत चढवतो. मग माणूस म्हणजे खांब! पटत नाही? या पुढे!"

बेकरीवाला पुढे झाला. साध्या बुटांत एका पायावर उभा राहिला, त्याच बाजूचा हात आडवा धरला. दुकानदाराने मनगटावर हलकेच दाब दिला. बेकरीवाला खोक्यांच्या राशीवर कोसळला. मग बुटांत भूशक्ती घालून तो पुन्हा तसाच उभा राहिला. दाब दिला, तर जागचा हलेना!

टाळ्या पडल्या. शिंपीणबाईंनी सुकतळ्यांना हात जोडले.

दुकानदाराची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं लक्ष मात्र सासऱ्यांच्या काठीकडे होतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पा काठीशिवाय न्हाणीघरापर्यंतही जात नसत. आज शेवटी ते भूशक्ती घालून, काठी टाकून दुकानाच्या पायऱ्या उतरणार होते. ही कल्पना मेहुण्याची, म्हणजे तिच्याच सख्ख्या भावाची. फोटोवाला पायऱ्यांखाली तयार होता.

"अहो, आप्पा पडले तर?" तिने नवऱ्याला बाजूला घेतलं.

"काहीतरीच! मी स्वतःच्या हाताने दाबून बघतोय ना सगळ्यांना."

तो खरंच बोलत होता. खोटं बोलणं त्याला जमत नसे. धंदा बेताचा होता तो त्यामुळेच.

"असं दाबायला कोणी शिकवलं?"

"तुझ्या भावाने. त्यात शास्त्र आहे म्हणे."

तेवढ्यात आप्पांनी काठी भिंतीला टेकवली. बायको काउंटरमागे वाकली, उठली आणि म्हणाली, "थांबा आप्पा. आधी माझी एक हौस पुरवा. बेकरीवाले, हे बूट घाला. यांत भूशक्ती आहे."

नवऱ्याने दाबलं. बेकरीवाला खांब!

"आता ही दुसरी जोडी. हिच्यात काही नाही."

नवऱ्याने दाबलं. बेकरीवाला खोक्यांवर. खोक्यांना आता सवय झाली होती.

तिने दोन्ही जोड्या सर्वांसमोर उपड्या केल्या. खांब झालेल्या बुटांतून खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे पडले. कोसळलेल्या बुटांतून पडली ती साक्षात भूशक्ती.

मेहुणा म्हणाला, "ताई, शक्ती पुठ्ठ्यात उतरली असणार."

"मग पुठ्ठाच विक. स्वस्त पडेल. आता एका पायावर उभा राहा. तुझ्या बुटांत तर भूशक्तीच आहे ना?"

नाही म्हणायची सोय नव्हती. तो उभा राहिला. तिने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून खाली दाबताना जरा बाहेर ओढलं. मेहुणा माइकसकट आडवा झाला.

"दाब अंगापासून बाहेर गेला, तर पैलवानही पडेल. तोच दाब पायाच्या दिशेने आत दिला, तर पोरही उभं राहील. सगळी शक्ती दाबणाऱ्याच्या मनगटात आहे. सुकतळा बिचारा नुसता बसून असतो."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे. यात भूशक्ती आहे असं वाटलं, की तुमचा हात आपोआप आत वळतो. तुम्ही लबाड असता, तर कोणी विश्वास ठेवला नसता."

आप्पांनी भिंतीला टेकवलेली काठी पुन्हा हातात घेतली. पायऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं. "फोटोवाल्या, जा बाबा तू. आज हाडं तशीच घरी न्यायची आहेत." मग सुनेकडे वळले. "त्यातला एक सुकतळा दे गं. घरचं टेबल डुगडुगतंय."

मेहुणा उठत म्हणाला, "बघा! आप्पांचा अजून विश्वास आहे!"

"माझा नाही रे. टेबलाचाही नाही. तरी त्याच्या पायाखाली घातल्यावर ते हलायचं थांबेल. त्याला खरा उपयोग म्हणतात."

तेव्हा मंडळी, कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी दाखवणाऱ्याचे हात बघा. आणि वस्तू विकत घेण्याआधी एकदा टेबलाला विचारा.