बाळसं

“क्रीम लावून वर रबरी हातमोजे घालता?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

“मग काय तर! आधी क्रीम, वर मोजा, मनगटाला रबरबँड. बर्फाचं पाणी आत शिरू नये म्हणून. आमच्या शेडमध्ये सगळ्याच जणी असंच करतात.”

डॉक्टरीणबाईंनी मावशीचा हात उलटा केला. मागची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. सकाळी क्रेटची कड नुसती घासली आणि तेवढ्यानं कातडी सोलून निघाली, म्हणून तर मावशी इथे आली होती.

कोळंबी सोलण्यात तिचा सगळा जन्म गेला. कोळंबीच्या पाण्यानं हात खाजतात, फुटतात. खाज उठली की बाई रजा मागते आणि रजा म्हटली की मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यावर त्यानं शक्कल काढली. ओळखीच्या औषधवाल्याकडून ट्यूबांचा खोका आणायचा आणि मागेल तिला द्यायचा. दोन दिवसांत हात मऊ! बायका त्याला दुवा देत होत्या. मावशीही देत होती. डॉक्टरांना विचारावं, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

“औषध वाईट नाही, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण यात जोरदार स्टिरॉइड आहे. आम्ही सांगू तिथं, सांगू तेवढं, सांगू तितकेच दिवस लावायचं. तुम्ही वर्षानुवर्षं लावलंत. आणि वरून असं झाकलं की ते कितीतरी जास्त आत मुरतं. थेट रक्तापर्यंत जातं.”

वरून झाकलं की. हे ऐकलं आणि मावशीच्या डोळ्यांपुढे मोजा आलाच नाही. नातवाचा डायपर आला.

“आमच्या बाळाच्या मांड्या लाल झाल्या होत्या,” ती चाचरत म्हणाली. “सुनेनं तेच लावलं. अजून लावते. बंद केलं की पुन्हा लाल होतं म्हणून.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “बाळाचे गाल कसे आहेत?”

“गाल? अहो, नुसते लोण्याचे गोळे! सगळी आळी गालगुच्चे घ्यायला येते. असं बाळसं धरलंय...”

सवयीनं ती हसली. समोरची बाई हसली नाही.

“मावशी, ते बाळसं नसावं. औषधाची सूज असेल. बाळाला आत्ताच्या आत्ता घेऊन या. ट्यूब बरोबर आणा. आणि आपल्या मनानं ते एकदम बंद करू नका. इतके दिवस बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरतं. मग अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.”

मावशी घरी पोचली तेव्हा सून बाळाला पुसत होती. शेजारी तीच ट्यूब, शेवटचा थेंब निघावा म्हणून खालून गुंडाळत आणलेली.

“कुणी सांगितलं होतं गं तुला हे लावायला?” मावशी दारातूनच ओरडली.

सून दचकली. “तुम्हीच म्हणालात ना आई, माझे हात बघ कसे मऊ झाले!”

मावशीनं ट्यूब हिसकावली आणि खिडकीबाहेर भिरकावायला हात उचलला. मग डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि हात तसाच खाली आला.

“काय लिहिलंय यावर? वाच.”

सुनेनं बारीक अक्षरं वाचली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आधी नाही वाचलंस?”

“तुम्ही आणलेली वस्तू, आई. वाचायची कशाला?”

मावशीनं बाळाला उचललं. त्या गुबगुबीत गालांचा तिला आता संताप येत होता. बाळावर कसा काढणार?

बाळाला दवाखान्यात ठेवून घेतलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंची शंका खरी निघाली. पोर वाचेल म्हणाल्या, पण औषध हळूहळू उतरवावं लागेल, आणि यापुढे साधा ताप आला तरी धावत यायचं.

दुसऱ्या दिवशी सुनेला बाळापाशी बसवून मावशी शेडमध्ये गेली. मुकादम नवा खोका फोडत होता.

“या मावशी! हात बरा का? ही घ्या, ताजी ट्यूब.”

“चुलीत घाल तुझी ट्यूब! मोजे फाटलेत म्हणून किती वेळा बोंबललो आम्ही? मोजे दिले नाहीस. हे दिलंस. आमची खाज दाबलीस की तुझं काम सुरू, होय ना?”

“वा! उपकार करावेत आणि वर शिव्या खाव्यात!”

“उपकार? तुझ्या घरात तान्हं पोर आहे ना? त्याच्या ढुंगणाला लावतोस हे?”

“छे! आमच्याकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावत नाहीत,” मुकादम बोलून गेला.

शेडमधल्या सुऱ्या थांबल्या. आपण काय बोललो हे त्याला उशिरा कळलं. तो खोक्याशी चाळा करत राहिला.

मावशीनं बँडेज सोडलं आणि हात वर धरला. “बघा गं. हे त्याचे उपकार.”

कोपऱ्यातली एकजण रडवेली झाली. “मी तर लेकीच्या तोंडाला लावते. गोरी दिसते म्हणून.”

“आज फेकू नकोस. पिशवीत घाल आणि लेकीला घेऊन चल. सगळ्याच चला. दवाखान्यात विचारल्याशिवाय कुणी लावायचं नाही आणि कुणी एकदम सोडायचंही नाही.”

“आणि कोळंबी कोण सोलणार?” मुकादम ओरडला.

“तू सोल. घाल ते फाटके मोजे आणि सोल!”

कोळंबी बर्फावर तशीच पडून राहिली. बायका मोजे उतरवून, ट्यूबा पिशव्यांत टाकून बाहेर पडल्या. मुकादमानं मावशीला पुन्हा कामावर घेतलं नाही. तिनं विचारलंही नाही. तसल्या हातांनी सोलणार तरी काय?

बाळ मात्र हळूहळू उतरत गेलं. फुगलेले गाल ओसरले आणि खालून बापाची हनुवटी निघाली. शेजारीण डोकावली, तिचा जीव हळहळला.

“अगंबाई, किती वाळला हा! कसलं छान बाळसं होतं!”

“मेलं ते बाळसं,” मावशी म्हणाली. “त्याचं नव्हतंच ते.”

बाळ तिच्या मांडीवर उभं राहू बघत होतं. पायांत अजून जोर नव्हता. त्यानं आधाराला तिचा हात पकडला आणि एवढंसं नख तिच्या कातडीत शिरलं. तेवढ्यानंच ती सोलली, रक्ताचा थेंब वर आला. शेजारीण “अगं, अगं” करत पुढे झाली.

मावशीनं हात काढून घेतला नाही.

“धर,” ती नातवाला म्हणाली. “घट्ट धर. आणखी घट्ट.”