फक्त ‘हो’ म्हणणाऱ्या लेखकाचा चष्मा

मित्रांनो, मी एक चष्मा आहे. काळ्या जाड फ्रेमचा. वरच्या काचेतून लांबचं दाखवतो आणि खालच्या अर्धगोल काचेतून जवळचं. माझी डावी दांडी चिकटपट्टीने बांधलेली आहे. ती कशी मोडली ते सांगण्याआधी, ज्यांच्या नाकावर मी बसतो त्यांची ओळख करून देतो.

मी तयार झालो उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, एका अरुंद दुकानात. दुकानाचे सिंधी मालक काच घासण्याआधी गिऱ्हाईकाशी गप्पा मारत. माझ्या गिऱ्हाईकाला त्यांनी विचारलं, “साईं, पढ़ने का काम ज़्यादा है क्या?”

“वही तो काम है,” गिऱ्हाईक म्हणालं.

“फिर नीचे का शीशा बड़ा रखता हूँ.”

ते गिऱ्हाईक म्हणजे मिलिंदराव. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले होते. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात त्यांचं घर. घरी पत्नी द्रौपदीबाई आणि मुलगी अस्मिता. मिलिंदराव कथा लिहायचे. दोन पुस्तकं निघाली होती, तिसरं लिहिणं चालू होतं.

चष्म्याला डोळ्यांची चाल कळते. नुसतं पाहणारा डोळा फिरतो. वाचणारा डोळा ओळ धरून चालतो, टोकाला पोचला की परत मागे येऊन खालची ओळ धरतो. मिलिंदरावांचा डोळा मध्येच थांबून आधीच्या ओळीवर परत जायचा. वाचनालयातून त्यांनी एका नर्सबाईचं आत्मकथन आणलं होतं. त्यातल्या एका पानावर तर ते दुपारभर होते. मग एक अनुवादित कादंबरी आणली. द्रौपदीबाईंनी विचारलं, “काय होतं हो त्यात?” ते म्हणाले, “काहीच होत नाही. पण खाली ठेववत नाही.”

त्यांची स्वतःची कादंबरी त्यांच्या आईवर होती. गयाबाईंवर. गयाबाई तरुणपणी पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी चिकटवायच्या. तिथला मुकादम त्यांना सगळ्यांच्या माठातलं पाणी घेऊ द्यायचा नाही. म्हातारपणी एकदा बाजारात तो मुकादम गयाबाईंसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ओळखलंस का?” पुढे काय झालं, ते गयाबाईंनी मुलाला कधी सांगितलं नाही. मिलिंदराव शेवटच्या प्रकरणात त्या प्रश्नापर्यंत आले आणि अडले. कितीतरी दिवस ते लॅपटॉप उघडत, ती ओळ वाचत आणि बंद करत.

तेव्हा अस्मिताने त्यांच्या लॅपटॉपवर एआय घालून दिलं. “पप्पा, याला विचारा ना. तो सुचवेल.”

मिलिंदरावांनी टाळलं नाही. एका जुन्या कथेतला प्रसंग त्यांनी त्याला लिहायला सांगितला. पडद्यावर ओळी भराभर येऊ लागल्या. डोळे त्यांच्यामागे धावले आणि एकदाही मागे वळले नाहीत.

“कसं वाटलं?” अस्मिताने विचारलं.

“चांगलं लिहितोय गं. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका पण दाखवल्या त्याने. त्यासाठी ठेवू आपण त्याला.”

“मग शेवटचं प्रकरण?”

“मी तिथे अडलोय, कारण माझी आई काय करेल ते मला अजून कळलेलं नाही. हा अडतच नाही. त्याला कळलंय म्हणून अडत नाही, की त्याला काही पडलेलीच नाही, ते मला समजत नाही.” ते हसले. “राहू दे. मला वेळ लागेल.”

वेळ मिळाला नाही. काही दिवसांनी सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी नाकावरून घसरून चहात पडलो. द्रौपदीबाईंची हाक, शेजाऱ्यांची धावपळ, रिक्षाचा आवाज, एवढं मी जमिनीवरून ऐकलं. नंतर कुणीतरी मला उचलून खणात टाकलं.

तिथे मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांखाली पडून राहिलो. माझ्या काचांवर चहाचे डाग वाळले. मिलिंदराव इस्पितळातून घरी आले, तेव्हाही मला कुणी बाहेर काढलं नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांना चष्मा कशाला, असं घरच्यांना वाटलं असावं. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला होता आणि भाषाही. इतकं लिहिलेल्या माणसाकडे एकच शब्द उरला होता. ‘हो.’

पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. दुखलं तरी हो.

बोलायला शिकवणाऱ्या शलाका मॅडम घरी येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी अस्मिताला समजावलं. “हा शब्द त्यांच्या तोंडात अडकलाय. त्यांना म्हणायचं असतं एक आणि बाहेर पडतं हो. त्याला होकार समजू नका. आणि चष्मा लावत होते ना? मग तो कुठे आहे?”

तेव्हा खण उघडला. द्रौपदीबाईंनी मला पदराने पुसून त्यांच्या नाकावर ठेवलं. सुरुवातीला ते डोळे नुसते भिंतीवर फिरायचे. अस्मिताने फोनवर एक सोय करून दिली. फोन गोष्ट मोठ्याने वाचायचा आणि वाचला जाणारा शब्द पिवळा व्हायचा. त्या सोयीतही एआयच होतं. मिलिंदराव रोज ते ऐकत बसायचे. आधी डोळे पिवळ्या शब्दामागून जायचे. मग त्याच्याबरोबर जाऊ लागले. आणि एका दुपारी ते पिवळ्या शब्दाच्या पुढे गेले. ओळीच्या टोकाला पोचले, परतले, खालची ओळ धरली.

मिलिंदराव वाचत होते.

घरात हे एकट्या मला माहीत होतं, आणि मला तोंड नाही. द्रौपदीबाई त्यांच्या मांडीवरचं वर्तमानपत्र काढून घेत म्हणायच्या, “उगाच धरून बसतात. सवय आहे ना हाताला.”

“हो,” मिलिंदराव म्हणायचे.

त्याच सुमारास महेश आले. अंबरनाथला त्यांचं छोटं प्रकाशन होतं आणि ते मिलिंदरावांना दादा म्हणायचे. ते अस्मिताशी हळू आवाजात बोलले, पण मिलिंदरावांची खुर्ची जवळच होती. “कादंबरी झाली असली तर दे. दादांच्या हातात पुस्तक द्यायचंय गं. हॉल बघून ठेवलाय मी.”

अस्मिताने खाली मान घातली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की दुसरा झटका येऊ शकतो. ते ती आईलाही बोलली नव्हती. ती म्हणाली, “झालीय काका. थोडं टायपिंग बाकी आहे.”

तिने सगळी कादंबरी एआयला वाचायला दिली आणि शेवट लिहून घेतला. मग पानं छापून आणली आणि वडिलांसमोर बसली.

“पप्पा, ऐका. तुमचं शेवटचं प्रकरण.”

ती वाचत गेली. मुकादम बाजारात गयाबाईंसमोर उभा राहिला. ‘ओळखलंस का?’ इथपर्यंत मिलिंदरावांचे डोळे शांत होते. पुढे गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मुकादमाचे थरथरणारे हात हातात घेतले. मनातलं सगळं ओझं वाहून गेलं आणि दोघांवर मावळतीचा सोनेरी प्रकाश पडला.

मिलिंदरावांच्या पापण्या माझ्या काचांना लागत होत्या, इतके त्यांचे डोळे ताणले होते.

“हो,” ते म्हणाले. “हो. हो, हो, हो.”

“आवडलं ना? पाठवू महेशकाकांना?”

“हो.” त्यांनी डाव्या हाताने खुर्ची बडवली. “हो!”

“त्यांना बाथरूमला जायचं असेल गं,” द्रौपदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “बघ ना काय म्हणतायत.”

“आई, ते हो म्हणतायत. तू ऐकलंस ना?”

शलाका मॅडमचं बोलणं त्या क्षणी तिला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. ती वडिलांच्या तोंडाकडे पाहत होती, डोळ्यांकडे पाहत नव्हती. मिलिंदरावांनी मला डाव्या हाताने ओढून काढलं आणि तिच्या दिशेने फेकलं. मी कपाटावर आपटलो. माझी दांडी मोडली ती तेव्हा.

अस्मिताने मला उचललं, चिकटपट्टी गुंडाळली, आणि फाइल पाठवून दिली.

नंतरचे काही दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मिलिंदराव शलाका मॅडमकडे पाठ करून बसू लागले. रोज फोन वाजला की मला वाटायचं, पुस्तक छापून झालं.

मग एका रविवारी दुपारी महेश तपासायची पानं घेऊन आले. अस्मिता औषधं आणायला गेली होती. महेशनी पानं मिलिंदरावांच्या मांडीवर ठेवली. “दादा, एक फोटो काढू. लेखक आपलं पुस्तक बघतायत, असा. निमंत्रणपत्रिकेत टाकतो.”

द्रौपदीबाईंनी मला त्यांच्या नाकावर बसवलं. मी तिरका बसलो, पण दिसत होतं. मिलिंदरावांनी डाव्या हाताने पानं उलटायला सुरुवात केली. महेश फोन धरून थांबले. “दादा, इकडे बघा जरा.”

त्यांनी बघितलं नाही. पानं उलटत ते शेवटच्या प्रकरणाशी आले. डोळा ओळ धरून चालू लागला. दारात अस्मिता येऊन उभी राहिली.

बोट एका ओळीखाली थांबलं. ‘ओळखलंस का?’ या ओळीखाली. त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. मग बोट उचलून पूर्ण पंजा त्यापुढच्या मजकुरावर पालथा ठेवला. महेश पान सोडवायला वाकले, तर तो पंजा हलेना.

“काय झालं दादा? काही चुकलंय का?”

“हो,” मिलिंदराव म्हणाले. डोळे अस्मितावरच होते.

औषधांची पिशवी तिच्या हातातून खाली गेली. वडिलांचं कुठे संपलं आणि यंत्राचं कुठे सुरू झालं, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

“पप्पा,” ती म्हणाली, “तुम्ही वाचताय? कधीपासून वाचताय?”

ती तिथेच जमिनीवर बसली आणि महेशना सगळं सांगितलं. आवाज वर न करता, अडखळत.

“लोकांना मी काय सांगणार होतो माहितीय?” महेश म्हणाले. “की दादांनी हे शेवटचं प्रकरण आजारपणाच्या तोंडावर लिहिलं. हॉलमध्ये उभा राहून सांगणार होतो.”

“मला पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं होतं काका. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झटका आला तर...”

द्रौपदीबाईंनी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या नवऱ्याच्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “येऊ दे नाहीतर न येऊ दे. यांच्या आईने काय केलं ते हे सांगतील. दुसऱ्या कुणी सांगायचं नाही.”

“आणि नाही सांगता आलं तर?” महेशनी विचारलं.

“तर तसंच छापा. अर्धं.”

महेश पानं घेऊन गेले. जाताना रागावलेले होते. कार्यक्रम रद्द झाला.

त्यानंतर अस्मिता रोज ऑफिसातून आली की वडिलांसमोर बसू लागली. मोठ्या अक्षरात एकेक शब्द लिहून कागद धरायची आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहायची. डोळा शब्दावर ठरतो की सरकून जातो, ते ती हळूहळू ओळखू लागली. फोनवरच्या गोष्टी चालूच होत्या. त्या मिलिंदरावांना आवडायच्या. कादंबरीचा कागद मात्र ती हाताने लिहायची. काही दिवस एकही शब्द ठरायचा नाही. काही दिवस ती चिडून उठून जायची आणि परत यायची. रोज सकाळी द्रौपदीबाई त्यांच्या तोंडाकडे आधी निरखून पाहायच्या, ते वाकडं झालंय का ते, आणि मगच चहा ठेवायच्या.

एका संध्याकाळी अस्मिताने विचारलं, “आजी बाजारात उभी आहे. तो विचारतोय, ओळखलंस का. तिने ओळखलं?”

“हो.”

“मग ती रडली?”

मिलिंदरावांचे ओठ हलले. मानेची शीर ताठ झाली. माझ्या काचांवर वाफ धरली. शलाका मॅडमनी शिकवलं होतं, मध्ये बोलायचं नाही, शब्द पुरवायचा नाही. अस्मिता मुठी आवळून गप्प बसली.

“ना,” मिलिंदराव म्हणाले. आणि मग, “ही.”

द्रौपदीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. अस्मिताने हाताने त्यांना थांबवलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तरी तिने पुढचा प्रश्न विचारला. “माफ केलं त्याला?”

“नाही.”

“काही बोलली?”

“नाही.”

अस्मिताने लिहिलं. ‘आईने त्याला ओळखलं. ती काही बोलली नाही. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली.’ तिने कागद समोर धरला. डोळा पहिल्या वाक्यावर ठरला, दुसऱ्यावरही ठरला. तिसऱ्यावर बराच वेळ रेंगाळला, परत मागे आला.

“पिशवी मी घातली,” अस्मिता म्हणाली. “काढू?”

मिलिंदराव विचार करत होते. मला ते कळत होतं.

“हो,” ते म्हणाले. आणि या वेळी तो होकारच होता, कारण आता त्यांच्याकडे दुसरा शब्दही होता.

तिने पिशवीवर रेघ मारली. उरलं ते असं: ‘आईने त्याला ओळखलं. ती काही बोलली नाही. चालू लागली.’ कादंबरी तिथे संपली. महेशनी ते वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी पानं पुन्हा लावायला घेतली. पुस्तक अजून हातात आलेलं नाही. दुसऱ्या झटक्याची भीती अजून आहे. माझी दांडी अजून तशीच आहे, कारण कॅम्प एकच्या दुकानात मला न्यायचं तर मिलिंदरावांना दुपारभर वाचता येणार नाही, आणि ते म्हणतात, नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं माणूस आजारपणाने गप्प झालं असेल. त्याचा चष्मा आधी शोधा. तो एखाद्या खणात असेल. काचा स्वच्छ पुसा आणि त्याच्या नाकावर सरळ बसवा. मग समोर पुस्तक धरा, त्याच्या डोळ्यांकडे बघा, आणि ते माणूस पान उलटेपर्यंत तुम्ही उलटू नका.