तंगुसाची गाठ
माझा भूपेश आता मानेखाली हलत नाही. सगळे म्हणतात, पोरगं ऐन वेळी घाबरलं. म्हणणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण माझा हात उठत नाही. का, ते सांगतो.

आम्ही अर्नाळ्याचे, तीन पिढ्या होडीवर. याला मात्र खूळ लागलं पतंगाचं. संक्रांतीचा नव्हे हो. खोलीएवढा कापडी पतंग, त्याचे दोर कमरेच्या पट्ट्याला, पायाखाली फळी. वाऱ्याने उचललं की माणूस चार माळे वर. राजोडीला त्याची स्पर्धा होती. जो सगळ्यात उंच आणि जिवावर उदार होऊन उडेल तो पहिला. मी म्हटलं, मेल्या, वर जायचे मार्क देतात, खाली यायचे कोण देतं? तो नुसता हसला.

पट्ट्यावर एक लाल मूठ असते. जिवावर बेतलं की ती ढकलायची. पतंग सुटतो, माणूस वाचतो. स्पर्धेच्या महिनाभर आधी सरावात ती आत वाळू जाऊन आपोआप सुटली. पतंग कुठल्या कुठे गेला आणि हा भर पाण्यात एकटा. पोहत आला तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याची आई, मनोरमा, दोन दिवस जेवली नाही.

आता आमच्या धंद्यात दोर सुटला की माणूस गेला. माझा सख्खा भाऊ असाच गेला. भूपेशला लहानपणापासून मी एकच शिकवलं होतं, काही झालं तरी दोर सोडायचा नाही. स्पर्धेच्या सकाळी तो आंघोळीला गेला आणि मी ती मूठ तंगुसाने, म्हणजे जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने, आवळली. जाळ्याला मारतो तीच गाठ, ओढाल तेवढी घट्ट बसणारी. तंगूस काचेसारखा, कोणाला दिसणार? म्हटलं, आता सुटत नाही. फार बरं वाटलं मला.

उडण्याआधी तो मूठ तपासायचा. त्या दिवशी त्याचा नंबर अचानक आधी पुकारला, आणि तो तसाच धावला.

वारा चेकाळला होता. पोरगं वर गेलं, लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात पतंगाने गिरकी घेतली आणि त्याला ओढत किनाऱ्याकडे निघाला. मी स्पष्ट बघितलं, भूपेशचे दोन्ही हात कमरेवर होते. ढकलत होता. एकदा, दोनदा, परत परत. मग सुरूच्या झाडांवर आपटला.

सगळ्यांच्या आधी मी पोचलो. सुरीने दोर कापले, तंगूसही कापला आणि वाळूत पुरला. हे मनोरमालाही माहीत नाही.

डॉक्टरांनी सांगून टाकलंय, तो उठणार नाही. त्याला मीच उचलतो, पुसतो, भरवतो. बरोबरची पोरं यायची, तीही आता येत नाहीत. काल पेज भरवताना त्याने विचारलं, "बाबा, तू बघत होतास ना? मी मूठ ढकलली होती, मला आठवतंय. की खरंच घाबरलो?"

सांगितलं तर तो माझ्या हातचं खाणार नाही, आणि एकट्या मनोरमाला तो उचलायचा नाही. असं मी स्वतःला समजावतो. खरं म्हणजे मला त्याच्या नजरेची भीती वाटते.

"घाबरला असशील," मी म्हटलं. "होतं रे असं."

त्याने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.