समुद्र अडवणारा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे, मित्रांनो. पण माझ्यातून माणसे जात नाहीत, समुद्र जातो. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लांब बांधात मला बसवले आहे. पहिली अकरा वर्षे भरतीला मला वर उचलत. आतल्या चिखलात पाणी पसरे. ओहोटीला बायका तिथे शिंपल्या वेचत. एप्रिलमध्ये दक्षिणेकडून लांब चोचीचे हजारो पाणटिवळे पक्षी उतरत, आठ-आठ दिवस न थांबता उडून आलेले. ते महिनाभर पोटभर खात आणि अंडी घालायला उत्तरेला जात.

मग आत शेतजमीन करायचे ठरले. मला खाली सोडले ते सोडलेच. समुद्र रोज दोनदा माझ्या पाठीवर धडका देई आणि मी खाचेत जखडलेला. आतला चिखल भेगाळला. एकदा पाऊस पडला, तेव्हा समुद्र आला असे वाटून शिंपल्या वर आल्या आणि तोंडे उघडून मेल्या.

पुढच्या एप्रिलला पाणटिवळे आले. टणक मातीत चोची खुपसत राहिले.

मला वर-खाली करणारे चाक पे सांगचुल नावाच्या कामगाराच्या ताब्यात होते. एका दुपारी शिंपल्या वेचणारी म्हातारी ओकबुन आली आणि तिने त्याच्या डब्याशेजारी एक मेलेला पक्षी ठेवला.

"आजी, जेवतोय मी."

"जेव की. हाही जेवायलाच आला होता. हातात घेऊन बघ, नुसती पिसं उरलीत."

त्याने पक्षी उचलला.

"वरून हुकूम आहे, आजी. नोकरी जाईल माझी."

"माझी गेली तेव्हा कुणी विचारलं होतं?"

सांगचुलने डबा झाकला आणि चाकाला हात घातला. गंजामुळे ते हलेना, तेव्हा म्हातारीनेही जोर लावला. मी वीतभर वर सरकलो. माझ्याखालून पाणी आत धावले. संध्याकाळपर्यंत पक्षी ओल्या चिखलात उतरले होते.

सहाव्या दिवशी साहेब आले. मला पुन्हा खाली सोडले, सांगचुलची दूर बदली झाली. पण ओकबुन आणि चाळीस बायका चिखलाचे बूट घालून कचेरीच्या पायऱ्यांवर महिनाभर बसल्या. अखेर ठरले, पक्षी उत्तरेला जाताना वसंतात आणि परतताना शरदात प्रत्येक भरतीला मला दोन तास उघडायचे.

बाकीचे वर्ष मी बंदच असतो. पूर्वी आकाश झाकले जाई. आता दोन-तीनशे पक्षी येतात. अडवलेल्या पाण्याचा भार अजून माझ्याच अंगावर आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी खाडी किंवा तळे बुजवायला निघेल. "तिथं काय, नुसता चिखल आहे," असे म्हणेल. तेव्हा चपला काढून त्या चिखलात उतरा, आणि तिथे कोण कोण जेवते आहे ते स्वतः पाहून या.