दोन बटणांची प्रेस

दसऱ्याला नवऱ्याचा कारखाना बघायला जायची मला भारी हौस. वर्षभर ज्यांच्या नावाखाली माणूस उशिरा घरी येतो, त्या सवती एकदा डोळ्यांनी बघाव्यात म्हणून. आमचे हे, म्हणजे सोमनाथ, अंबडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे प्रेसवर कापायचे. दसऱ्याला मशिनी धुऊनपुसून पूजा व्हायची आणि कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं असायचं.

त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, प्रेसवर काम करणाऱ्या गोरक्षची आई सायखेड्याहून आली होती. सावित्रीबाईंनी माळांसाठी स्वतःच्या वावरातला झेंडू आणला होता. प्रेसला हळदकुंकू वाहिलं आणि मालकांना त्यांनी सरळच विचारलं, "शेठ, येवढं लोखंड खाली येतं. माझ्या पोराचा हात घावला तर?"

कोंडाजीशेठ खुलले. "मावशी, ही दोन बटणं बघा. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय हे खाली येतच नाही. मग हात आत राहील कसा?" गोरक्षनं करून दाखवलं. बाईंनी शेठना हात जोडले. म्हणाल्या, आता मला घोर नाय.

मी कौतुकानं ह्यांच्याकडे बघितलं, तर हे जमिनीकडे बघत होते. बाकीच्या कामगारांनाही एकदम हातातल्या पेढ्यात फार रस आला होता.

परत येताना स्कूटरवर मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. एरवी एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली असते. ते बटण कायम दाबलेलं राहतं. मग कामगार एका हातानं दुसरं बटण दाबतो आणि दुसऱ्या हातानं पत्रा सरकवतो. काम भराभर उरकतं. पूजेसाठी मशीन पुसताना पाचरी काढल्या होत्या, इतकंच. मध्यंतरी गोरक्षच्या हातमोज्याचं टोक प्रेसखाली कापलं गेलं होतं. बोट थोडक्यात वाचलं.

"पाचर ठोकतं कोण?"

"मीच. शेठ म्हणतात माल वाढवा. कसा वाढवला ते विचारत नाहीत."

"थांबवा स्कूटर," मी म्हणाले. भर रस्त्यात मी त्यांना काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. "उद्या परत ठोकणार?"

"दिवाळीची ऑर्डर आहे गं."

"मग त्या बाईंचं तोंड आठवा, आणि ठोका."

नाही ठोकली. पहिली कुरकुर कुणी केली असेल? गोरक्षनं. "साहेब, पाचर द्या. दिवाळीचा इन्सेन्टिव्ह बुडतोय. माझा हात हाय, मी सांभाळीन." ह्यांनी दिली नाही. दुसऱ्या कामगारांनीही तोंडं फिरवली. मग शेठनी केबिनमध्ये बोलावलं. माल का अडला म्हणून ओरडले. ह्यांनी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "मी कधी पाचर ठोक म्हणालो होतो?"

"नाही शेठ. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मी ठोकली. पुन्हा ठोकायची तर सावित्रीबाईंना बोलवू, त्यांच्यासमोर ठोकू."

 शेठनी तिथल्या तिथे गिऱ्हाईक कंपनीला फोन करून मुदत मागितली. मिळाली नाही. अर्धी ऑर्डर दुसरीकडे गेली. शेठ वाईट माणूस नव्हता हो. न विचारणं सोयीचं होतं, म्हणून विचारत नव्हता. फोन ठेवल्यावर ह्यांना नुसतं "जा, कामाला लागा" म्हणाले. नोकरी राहिली. मला तर नवऱ्याचा इतका अभिमान वाटत होता की करंज्यांत सारण जरा जास्तच भरलं.

पाडव्याला सावित्रीबाई घरी आल्या. मागे मान खाली घालून गोरक्ष. बाई उंबऱ्यातूनच कडाडल्या, "सोमनाथभाऊ, गावातल्या सगळ्यांच्या पोरांची दिवाळी झाली. माझ्या पोरानं तुमचं काय घोडं मारलं? तुम्ही त्याचं काम रोखलं म्हनतो."

मला राहवेना. ज्या माणसानं तुमच्या मुलाचा हात वाचवला त्यालाच बोलता, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ह्यांनी मला हातानं थांबवलं आणि स्वतःच सांगितलं. वाचवल्यापासून नाही, ठोकल्यापासून. पाचर, हातमोजा, सगळं.

"खरं हाय?" बाईंनी लेकाला विचारलं. त्यानं मान डोलावली. तशी त्यांनी त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि गवारीच्या शेंगा निवडाव्यात तसं एकेक बोट चाचपून पाहिलं. जवान पोरगा, पण त्यानं हात सोडवला नाही.

मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला होता. "मी शेठला हात जोडले, तवा तुम्ही तिथंच व्हता ना?"

"होतो, मावशी."

"आन गप ऱ्हायलात."

"गप्प राहिलो."

माझा सगळा अभिमान घशातच राहिला. मीही ह्यांना हे कधी विचारलं नव्हतं. बाई खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "च्या ठेव, पोरी. पर साखर नको घालू. आज गोड नाय लागायचं."