दार बंद असल्याचा शेरा

पेन खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेलं, आणि दोरी इतकी आखूड की लिहायचं तर मान वाकवावीच लागते — ही युक्ती ज्याला सुचली त्याला बढती मिळाली असणार, असं तिला वाटलं.

"कारण लिहा, ताई," आतला कोर्टाचा कारकून म्हणाला. "जामीनदाराचा पत्ता तपासायला हवालदार गेला, दार बंद. असा शेरा आहे. बाहेरगावी होते म्हणा. सगळे तेच लिहितात."

"लिही ना गं," मागून आई. "पेन काय चावतंय? जामीन मंजूर होऊन महिना झाला, पोर अजून आतच."

पोर. चौतीस वर्षांचं पोर, माझा भाऊ. मुकादमाचं डोकं फोडल्याचा आरोप... एकोणीस महिने तुरुंगात, खटला अजून उभा नाही. फोडलं की नाही, कोर्टाला ठाऊक नाही. मला विचारलं असतं तर — पण जामीनदार म्हणून मला फक्त पत्ता विचारला.

ती घरीच होती. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हवालदाराने कडी वाजवली नाही, तळहात आपटला, सपाट, तीनदा... भाऊ पिऊन आला की आपटायचा तसाच — आणि हातातली उशीची खोळ छातीशी धरून ती श्वाससुद्धा चोरून घेत उभी राहिली. पावलं जिना उतरली. मग खिडकीतून खाकी पाठ दिसली, फाटकाशीच. हाक मारता आली असती. तिने खोळीची घडी घातली. दुसरी घेतली.

भीती वाटली, असं महिनाभर स्वतःला सांगितलं. भीती त्या तीन थापांपुरती होती, खिडकीशी नव्हती. खिडकीशी जे होतं ते... न्यायाधीशाला निदान निकाल वाचून दाखवावा लागतो; मी न वाचताच दिला.

"अहो, रांग बघा मागे. निबंध नकोय, एक ओळ."

खरं लिहिलं तर दुसरा जामीनदार शोधा. दुसरा कुणी नाही. खोटं लिहिलं तर तो येणार, आणि दारावर पुन्हा...

आई कानाशी वाकली. "हवालदार आला तेव्हा घरीच होतीस तू. मी परतले तेव्हा सगळ्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या." आणि तशाच आवाजात, "लिही आता, बाहेरगावी."

म्हणजे महिनाभर ठाऊक होतं. महिनाभर समोर बसून जेवली, मीठ मागितलं, आणि एक शब्द नाही — माझा खटलाही हिने उभा केला नाही, नुसती ठेवून घेतली आत. इतके दिवस रागाला एकच पत्ता होता, त्या आतल्या कोठडीचा. आता राग तिथे जाईना, आईपाशीही थांबेना... दोरी ताणली गेली होती, कागद अजून वीतभर लांब होता, आणि तिची मान आपोआप वाकत चालली होती.